चबुतऱ्याखालची धूळ

बडोद्याच्या जुन्या पोळांत, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांत, सकाळी चबुतऱ्यावर दाणे पडतात, कबुतरं उतरतात आणि खाली विष्ठा साचून वाळते. ती झाडताना उडणाऱ्या धुळीत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असू शकते. तिचे कण १ ते ३ मायक्रॉनचे, त्यामुळे नाकात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. बहुतेकांचं शरीर तिला तिथेच कोंडून ठेवतं, कधी कधी वर्षानुवर्षं.

हा पहारा मुख्यतः टी पेशींचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन द्यावं लागतं, ते याच पेशींना आवरण्यासाठी. नाहीतर शरीर नवं मूत्रपिंड नाकारेल. पहारा ढिला पडला की बुरशी रक्तातून मेंदूच्या आवरणात शिरू शकते. असं क्वचितच घडतं. पण घडतं तेव्हा बऱ्याचदा उशिरा कळतं, आणि त्यालाही याच गोळ्या कारण. ताप येणं, मान ताठणं ही शरीराच्या झुंजीची लक्षणं. झुंजच दबलेली असेल तर दोन्ही नसू शकतात. उरते ती दोन-तीन आठवडे न हटणारी डोकेदुखी, मग उलटी, एकाचे दोन दिसणं, रोजच्या दांडिया बाजारात वाट चुकणं. घरात म्हणतात, पित्त झालंय.

सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. खरी तपासणी पाठीतल्या पाण्याची, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची. ‘पाणी काढलं की माणूस अधू होतो’ ही भीती अजून घरोघरी आहे. प्रत्यक्षात सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते. त्या पाण्यात पेशी थोड्याच निघाल्या म्हणून निश्चिंत होऊ नये, त्याही गोळ्यांनी दबतात. क्रिप्टोकॉकल अँटिजेन, म्हणजे बुरशीचा अंश शोधणारी तपासणी, मागावी. पट्टीवर साधारण १० मिनिटांत कळतं. सुईला नळी जोडून त्या पाण्याचा दाबही मोजायचा. तो २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढून उतरवायचा, आणि गरज पडल्यास रोज. ही पायरी गाळली तर औषध चालू असतानाही दृष्टी जाऊ शकते.

उपचार लांबलचक. किमान दोन आठवडे शिरेतून लायपोसोमल अँफोटेरिसिन हे बुरशीनाशक, रोज किलोमागे ३ ते ४ मिलिग्रॅम, सोबत फ्लुसायटोसिनच्या गोळ्या. या काळात रक्तातल्या क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियमवर सतत नजर हवी, कारण अँफोटेरिसिन मूत्रपिंडालाच त्रास देतं. प्रत्यारोपणाच्या गोळ्या घाबरून एकदम बंद करायच्या नाहीत: मूत्रपिंड जाऊ शकतं, शिवाय अचानक जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदूत सूज आणू शकते. त्या हळूहळू कमी करायच्या, तेही डॉक्टरांनीच.

पुढे आठ आठवडे फ्लुकोनॅझोल हे दुसरं बुरशीनाशक रोज ४०० ते ८०० मिलिग्रॅम, मग कमी मात्रेत सहा महिने ते वर्षभर. फ्लुकोनॅझोल यकृतातलं टॅक्रोलिमसचं विघटन रोखतं, म्हणून ते सुरू होताच टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते. मात्रा घटवावी लागते. वर्षाने फ्लुकोनॅझोल थांबलं की पातळी घसरते, आणि ती घटवलेली मात्रा तशीच राहून गेली तर बुरशीतून वाचलेला रुग्ण मूत्रपिंड गमावू शकतो.