चौघांतला व्हायोलिनवादक

व्हायोलिन शिकणाऱ्याची पहिली दहा-पंधरा वर्षं बहुतांशी एकट्याच्या रियाजात जातात. स्केल्स (स्वरांचे आरोह-अवरोह), एट्यूड्स (सरावाच्या रचना), मग कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबतची एकलवादनाची रचना). त्यातून हात तयार होतो. पण स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांत बसलं की पहिल्याच तालमीत गाडी सुरावर अडते. एकटा वाजवताना अगदी सुरेल असलेला वादकही तिथे अडतो. असं का होतं, ते आधी पाहू.

व्हायोलिनच्या चार तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा स्वरांच्या असतात. डी तारेवर पहिलं बोट ठेवून ई हा स्वर वाजवा आणि शेजारच्या मोकळ्या ए तारेशी तो तंतोतंत जुळवा. आता बोट जराही न हलवता तोच ई मोकळ्या जी तारेबरोबर वाजवा. तो चढा लागेल. जुळवायचा तर बोट सुमारे साडेतीन मिलिमीटर खुंट्यांच्या दिशेनं सरकवावं लागतं. साडेतीन मिलिमीटर हे थोडं अंतर नव्हे, साध्या कानालाही ते कळतं. हे दोन्ही ई बरोबर आहेत. त्यातला कोणता वाजवायचा, ते इतर तिघं त्या क्षणी काय वाजवताहेत यावर ठरतं. म्हणून ‘माझा सूर बरोबर होता’ या वाक्याला क्वार्टेटच्या तालमीत काही अर्थ उरत नाही.

हीच अडचण तारा लावतानाही येते. व्हायोला आणि चेलोची सर्वांत खालची तार सी, व्हायोलिनची सर्वांत वरची ई. मध्ये जी, डी, ए. शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचं नातं. सगळे पंचम अगदी शुद्ध लावले, तर सीपासून चार पंचम चढून येणारा ई हा सीच्या शुद्ध गंधारापेक्षा जवळपास 22 सेंट चढा निघतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. सी मेजरचा कॉर्ड (सी, ई, जी हे स्वर एकत्र) मोकळ्या तारांवर आला की हा चढेपणा उघडा पडतो. त्यामुळे अनुभवी क्वार्टेट पंचम किंचित आखूड लावतात. ए सगळ्यांचा एकच, सी थोडी वर, ई थोडी खाली. प्रत्येक पंचम 2 सेंटनं कमी केला तरी फरक 14 सेंटच्या आसपास येतो, बाकीचं बोटांनी सांभाळायचं. व्हायोला आणि चेलोनं आपापल्या सी तारा एकमेकींशी ताडून पाहणं मात्र चुकवू नये. नवशिके गट नेमकं तेच विसरतात आणि मग सगळा दोष पहिल्या व्हायोलिनच्या माथी येतो.

तालमीत कॉर्ड बिघडलेला वाटला तर तो खालून बांधायचा. व्हायब्रेटो (बोट हलवून स्वराला दिलेला कंप) पूर्ण बंद, आवाज मध्यम, गज सावकाश. आधी चेलोचा स्वर, त्यावर वरच्या सप्तकातला तोच स्वर, मग पंचम आणि सगळ्यांत शेवटी गंधार. गंधार ज्याच्याकडे आहे त्यानं आवाज थोडा कमी ठेवायचा, कारण मेजर कॉर्डमधला गंधार जोरात आला की चढा भासतो. व्हायब्रेटो चालू ठेवून सूर तपासणं म्हणजे वेळ घालवणं. कॉर्डप्रमाणे सूर लावण्याला एक अपवाद आहे. धुन पुढे नेणारा निषाद वरच्या षड्जाकडे ओढलेला, चढा चांगला वाटतो. तोच निषाद लांबलेल्या कॉर्डमध्ये आला की खाली आणावा लागतो. कुठे धुनेचं ऐकायचं आणि कुठे कॉर्डचं, हे चौघांनी स्कोअर (चौघांची एकत्र स्वरलिपी) समोर ठेवून ठरवायचं आणि आपापल्या पार्टवर, म्हणजे स्वतःच्या वाद्याच्या स्वरलिपीवर, पेन्सिलीनं खूण करायची.

दुसऱ्या व्हायोलिनकडे दुय्यम जागा म्हणून पाहणाऱ्यांना मी आग्रहानं सांगेन, की ती जागा आधी वाजवून पाहा. पहिलं व्हायोलिन वर आणि दुसरं तीच धुन एक सप्तक खाली वाजवत असेल, तर खालच्यानं किंचित जास्त आवाज द्यायचा असतो. वरच्याला त्याच्या आधारानं सूर लावता येतो. लयही बऱ्याचदा आतल्या आवाजांच्या (दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला) छोट्या, जलद स्वरांत (एट्थ-सिक्स्टीन्थ नोट्स) असते. एमर्सन क्वार्टेटमध्ये (1976 ते 2023) व्हायोलिनवादक युजीन ड्रकर आणि फिलिप सेट्झर आलटून पालटून पहिल्या जागेवर बसत. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

सुरुवातीची खूण श्वासानं होते. त्या श्वासात एक पूर्ण मात्रा, खऱ्या लयीत, असायला हवी. नुसती मान हलवली तर तिघं वाट पाहत राहतात आणि चेलो मागे पडतो. जाड तार बोलायला वेळ घेते, म्हणून चेलोवादकाला गज केसभर आधी लावावा लागतो.

या सगळ्याची कसोटी म्हणजे बीथोव्हेनचा 1826 मधला ओपस 131 हा स्ट्रिंग क्वार्टेट. सात भाग, सुमारे 40 मिनिटं, मध्ये थांबणं नाही. सभागृहात तारा उतरतात आणि पुन्हा लावायला सवड मिळत नाही. त्यात मूळ स्केल सी शार्प मायनर. त्या स्केलमध्ये व्हायोलिनच्या मोकळ्या तारांपैकी ए आणि ई एवढ्याच बसतात. यासाठी एक तार मुद्दाम थोडी उतरवून संपूर्ण भाग वाजवण्याचा सराव करावा.

आता नोकरीचं. क्वार्टेटमधली जागा क्वचितच रिकामी होते. अमाडेउस क्वार्टेट 1947 पासून 1987 पर्यंत त्याच चौघांचा राहिला आणि व्हायोलावादक पीटर शिडलॉफ गेल्यावर उरलेल्या तिघांनी तो बंद केला. बुडापेस्ट क्वार्टेटमध्ये उलट घडलं. 1936 पर्यंत तिथे मूळ चौघांतलं कुणीच उरलं नव्हतं. जागा निघालीच, तर दहा मिनिटांच्या ऑडिशनवर निवड होईल असं समजू नका. उमेदवाराला पूर्ण तालमींना बसवतात, कधी कार्यक्रमातही वाजवायला लावतात. ‘हा फ्रेज (धुनेचा तुकडा) गजाच्या टोकाकडून घेऊन पाहू’ असं कुणी म्हटलं की तो आधी वाजवून पाहतो की आधी वाद घालतो, हे बारकाईनं पाहिलं जातं. अशा तालमीला जाताना दोन्ही व्हायोलिनचे पार्ट बसवलेले असावेत, स्कोअर वाचलेला असावा आणि प्रत्येक लांब कॉर्डमध्ये आपल्याकडे षड्ज आहे, गंधार आहे की पंचम, ते माहीत असावं.