वणवा कुठं थांबला ते बघा

नमस्कार. समोर निम्मे तरी ट्रेकर दिसताहेत, त्यामुळे काळा पडलेला डोंगर आणि राखेने भरलेले बूट मी वर्णन करून सांगायला नको. विषय छापलाय ‘वणव्यांचे पॅटर्न’, त्यावर येतोच, पण एक गोष्ट फार दिवस मनात आहे ती आधी बोलतो. वणवा लागला की आपण एकच विचारतो, कुणी लावला? बिडी कुणाची, भाताच्या रोपांसाठी जमिनीवर राब भाजताना ठिणगी कुठून उडाली, गवत जोमात यावं म्हणून काडी कुणी टाकली. विचाराच, आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. पण आग जिथं थांबली तिथंच का थांबली हे कुणीच बघायला जात नाही, आणि सगळी माहिती तिथंच असते हो!

मावळातल्या एका गावाच्या वरचा उतार, सगळं गवत. तिथं एका संस्थेने रोपं लावली, ठिबकचे पाइप, प्रत्येक रोपाला देणगीदाराच्या नावाची पाटी. मार्चमध्ये सगळं गेलं, पाइप वितळून दगडाला चिकटलेले. दुसऱ्या दिवशी गावातले एक बाबा, जन्मभर गुरं राखलेले, त्यांच्याबरोबर मी जळालेल्या भागाच्या कडेकडेने फिरलो. वरच्या अंगाला आग कातळापाशी संपलेली. बाजूला देवराई, तिथं अंजन, जांभूळ, आत पाचोळा चांगला घोटाभर, तरी आग हातभर आत सरकून विझलेली. सावली, खालचा पाला दमट, वारा आत शिरत नाही आणि मुख्य म्हणजे गवत नाही. मग बाबांनी कोयत्याच्या टोकाने जळालेला एक ठोंब उकरला, म्हणाले हात लाव. वर कोळसा आणि दोन बोटं खाली माती गार! गवताची आग भरकन जाते, उष्णता खाली पोचतच नाही. तुमच्या मोज्यात रुततं ना ते कुसळ, ते ओलं-सुकं होताना पीळ घेत बी मातीत ढकलतं. म्हणजे कुसळी गवताचं बी खाली शाबूत आणि वर रोपं मेलेली. पुढच्या जूनला काय केलं असेल? त्याच खड्ड्यांत नवी रोपं, नव्या पाट्या, फोटो. मला याचा खरंच संताप येतो, कारण गवताळ डोंगर ही रिकामी जागा नाहीये, आणि झाडं लावायचीच असतील तर देवराईच्या कडेने हळूहळू वाढवत न्या ना, आग तिथंच अडते हे डोंगर स्वतः दाखवतोय.

दहाच मिनिटं राहिलीत अशी चिठ्ठी आलीये, त्यामुळे पॅटर्न आता भराभर सांगतो.

चढ. ज्वाळा वरच्या गवताला आधीच सुकवतात, त्यामुळे साधारण दर दहा अंश चढाला आगीचा वेग दुप्पट धरतात. सह्याद्रीत मध्ये कातळाचे टप्पे येतात म्हणून जळालेले पट्टे दिसतात, लांबून बघा कधी.

पाऊस. लोकांना वाटतं जास्त पाऊस म्हणजे कमी वणवे. गवताळ डोंगरावर उलटं असतं, पाऊस चांगला तर गवत दणकट, आणि फेब्रुवारीत तेच सरपण. जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसला हेच झालं, आधीचे दोन हिवाळे ओले, झुडपं माजली, मग पाऊसच नाही आणि वर सांता आनाचे कोरडे वारे.

विदर्भातलं गणित वेगळं. तिथं साग, तेंदू, मोह पानं झाडतात, आग जमिनीवरच्या पाचोळ्याला लागते. मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून जाळतात. सागाची साल जाड, मोठा साग तरतो, बाकीची कोवळी रोपं जातात, आणि दरवर्षी जाळलं की जंगलात पुढची पिढीच उरत नाही.

सॅटेलाइटचे अलर्ट जरूर घ्या, पण त्यातला एक ठिपका पावणेचारशे मीटरचा असतो आणि ते सॅटेलाइट डोक्यावर येतात साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला. संध्याकाळी सातला लागून अकराला विझलेला डोंगर त्यात सापडेलच असं नाही, म्हणून ‘यंदा वणवे कमी’ असं नुसत्या नकाशावरून म्हणू नका.

आणि जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा. ती डिसेंबर-जानेवारीतच काढायची, गवत पूर्ण वाळायच्या आत, वनखात्याला आणि गावाला बरोबर घेऊन. पण ती काढायची कुठं, तर मागच्या वणव्याची कड बघून. जिथं कातळ, ओढा, देवराई आहे तिथं मेहनत नको, त्यांच्या मधल्या फटी जोडा. तुमच्या फोनमध्ये जळालेल्या डोंगरांचे फोटो असणारच, तारीख आणि जागेसकट मला पाठवा, येत्या डिसेंबरच्या रेषा त्यावरूनच आखायच्यात.