जित्याची खोड

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव ‘घोड्यांची दातखोड आणि तिचं व्यवस्थापन’ असं छापलंय. दातखोड हा शब्द कोशात शोधू नका. संयोजकांचा फोन आला, विषयाचं नाव लगेच हवं होतं, तेव्हा तो मी उभ्या उभ्या तयार केला. इंग्रजीत या प्रकाराला क्रिबिंग म्हणतात आणि त्याच्या धाकट्या भावाला विंडसकिंग. घोडेवाल्यांच्या भाषेत, ‘गव्हाण धरतो’ आणि ‘वारा पितो’. कानात वारं शिरलेलं वासरू आपण सगळ्यांनी पाहिलंय. वारा पिणारा घोडा मात्र पाहिलेला नसतो, नुसता ऐकलेला असतो.

होतं ते असं. घोडा वरचे पुढचे दात गव्हाणीच्या काठावर, फळीवर, खांबावर टेकवतो, मान कमानीसारखी ताणतो, गळ्याचे स्नायू आवळून कंठ मागे खेचतो, आणि घशातून आवाज येतो, ‘घक्’. काही घोडे काहीही न धरता हेच करतात, ते विंडसकिंगवाले. दिवसातून शेकडो वेळा, एखादा हजारो वेळासुद्धा.

मागच्या दोन रांगा हसताहेत. मला ठाऊक आहे, माझ्यानंतर नाट्यगीतं आहेत आणि तुम्ही जागा धरायला आलाय. विष्णुदास भाव्यांच्या गावात १८४३ पासून ही सवय आहे, माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका म्हणीबद्दल. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.’ ही म्हण ज्यानं काढली तो मला भेटायला हवा होता. नोकरीत जत, आटपाडी, खानापूर असं सगळं फिरलो. म्हैस लाथ मारते, मालक म्हणतो, खोड आहे. मी बघतो तर सडाला चीर पडलेली. बैल मान टाकतो, खोड आहे. खांद्याला जखम. ‘खोड’ म्हटलं की मालक सुटला. त्यानं काही करायचं उरतच नाही, जनावरानं मरायचं तेवढं बाकी राहतं.

आता माझी फजिती सांगतो. थोडी लांबेल.

आम्ही परळच्या बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजचे. शिरवळचं कॉलेज १९८८ चं, तोवर आम्ही शिकून बाहेर पडलो होतो. आमच्या पुस्तकांत पानोपानी घोडा, कारण ती पुस्तकं साहेबाची. परीक्षेत घोडा आणि नोकरीत म्हैस. तीस वर्षं म्हशीच्या शेपटाकडे उभं राहून काढली आणि ठरवलं, निवृत्त झालो की एक घोडा घ्यायचा. घरात कुणाला हे पटलं नाही. सौ. म्हणाली, स्कूटी आहे की.

एका यात्रेच्या बाजारात गेलो. घोडा देखणा होता, चारी पाय पांढरे, कपाळ पांढरं, पंचकल्याणी. गळ्यात रुंद काळा चामडी पट्टा, त्याला घुंगरं. मी म्हटलं, पट्टा फार घट्ट आहे हो. विकणारा कानाशी आला आणि हळूच म्हणाला, ‘साहेब, गळ्याखाली देवमण आहे. दृष्ट लागू नये म्हणून झाकलाय.’ देवमण म्हणजे शुभ भोवरा. मंडळी, मी शासनमान्य पशुवैद्य, भोवऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी मला ते बरं वाटलं. आपला घोडा देवमणाचा!

पुढं ऐका. मी दात पाहिले. तो म्हणाला, सहा वर्षांचा आहे. वरच्या दातांच्या पुढच्या कडा चांगल्याच झिजलेल्या होत्या. मी मनात म्हटलं, लबाडा, नऊचा घोडा सहाचा म्हणून खपवतोस काय? तीन वर्षांचे पैसे कमी केले आणि जग जिंकल्यासारखा टेंपो ठरवला. तो माणूस वयाबद्दल खरं बोलत होता. दात वयानं झिजलेच नव्हते, लाकडावर झिजले होते. फसवणारा एकाच गोष्टीत खरं बोलला आणि मी नेमकं तेच खोटं धरलं.

घरी आल्यावर खरारा करायला म्हणून पट्टा काढला. देवमण नव्हता. केस गेलेली, घट्टा पडलेली कातडी होती. तासाभरात गोठ्यातून आवाज आला, घक्. रात्री घक्, पहाटे घक्. शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, ‘भाऊंना ढेकर फार येतात का हो?’

मग मी ते सगळं केलं जे करू नये असं आज तुम्हाला सांगायला आलोय. गव्हाणीच्या काठाला लवंगी मिरचीचा ठेचा फासला. हिरा, म्हणजे आमचा घोडा, दोन दिवस शिंकला, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीचा काठ धरला. टाकी हलवली, तर दाराची चौकट. चौकटीला पत्रा मारला, तर उभ्या उभ्या काही न धरताच सुरू. म्हणजे मी माझ्या हातानं क्रिबिंगवाल्या घोड्याचा विंडसकिंगवाला केला. शेवटी तोच पट्टा पुन्हा आवळला. आवाज थांबला. आठ दिवसांनी काढला, तर एका दिवसात आठ दिवसांची थकबाकी वसूल. हे माझ्याच घोड्याचं नाही. अडवून ठेवलेला घोडा सुटल्यावर पहिल्यापेक्षा जास्त करतो, हे इंग्लंडमध्ये प्रयोगात दिसलेलं आहे.

आमची आई तेव्हा ब्याऐंशीची. गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायची. एक दिवस म्हणाली, ‘अरे, पित्त झालंय त्याला. चंदी खाल्ली की लगेच करतंय बघ. पोटात काहीतरी नेट लागेल असं घाल की.’ चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. मी हसलो. घोड्याला पित्ताशयच नसतं, हे आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘पित्ताशय नसंना का, जळजळ असंल.’

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणे. अजून मी विषयाला हातच घातलेला नाही. बरं, भराभर सांगतो.

आई बरोबर होती, निदान बरीचशी. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं लहान, आणि त्यात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी. आम्लाला उतारा लाळेचा, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. मोकळा घोडा दिवसातले सोळा-सोळा तास चरतो. किलोभर वाळकी वैरण चावायला त्याला चाळीसेक मिनिटं लागतात, किलोभर दाण्याला दहा. आपण काय करतो? सकाळी तोबरा, संध्याकाळी तोबरा, मध्ये रिकामी दावण. इंग्लंडमध्ये २२५ शिंगरांवर चार वर्षं लक्ष ठेवून २००२ साली निष्कर्ष छापले. सुमारे दहातल्या एका शिंगराला ही खोड लागली, बहुतेक पाच महिन्यांच्या आसपास, आणि आईपासून तोडल्यावर दाणा सुरू केलेल्यांत तिचा धोका चौपट. गव्हाण धरणाऱ्या शिंगरांच्या जठराला सूज आणि व्रण जास्त दिसले, तेही याच सुमारास. मोकळ्या रानातल्या घोड्यांत ही खोड आढळत नाही. एवढ्यावरून खोडीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघा.

आणि तो वारा पीत नाही. क्ष-किरणांखाली पाहिलंय, हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात शिरते आणि बहुतेक तिथूनच परत फिरते. त्यामुळे ‘हवा भरून पोट फुगतं’ हे गणित बरोबर नाही. पोटदुखीचा धोका मात्र खरा आहे. अशा घोड्यांत लहान आतडं यकृताजवळच्या एका फटीत अडकण्याचा प्रकार जास्त होतो, आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. म्हणून गव्हाण धरणारा घोडा लोळायला लागला तर हिंग-ओवा करत बसू नका, डॉक्टर बोलवा.

उपाय. वैरण आधी. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज कमीत कमी पाच-सव्वापाच किलो कोरडी वैरण, सात मिळाली तर उत्तम. कडबा आपल्याकडे आहे, त्यात थोडा लसूणघास घाला. बारीक जाळीत भरून टांगा म्हणजे पुरवून पुरवून खाईल. नुसत्या उसाच्या वाढ्यावर घोडा ठेवू नका, फुकट मिळतं म्हणून तो म्हैस होत नाही. चंदी निम्मी करा, तीन-चार वेळा विभागून द्या, गूळ बंद. गोड दाणा खाल्ल्यावर ही खोड सगळ्यात जास्त उसळते, आईनं पाहिलं ते हेच. रोज काही तास मोकळं सोडा. दुसरा घोडा शेजारी नसेल तर शेळी बांधा. पाचगणी-महाबळेश्वरच्या घोडेवाल्यांना माझं खास सांगणं पावसाळ्याचं आहे. पर्यटक थांबला की घोडा खुंट्याला थांबतो, आणि खोड लागायला तेवढं पुरतं.

शेजारच्या घोड्याला बघून लागते का? त्याला पक्का पुरावा नाही. दोघांचा तबेला एक, वैरण एक, म्हणून दोघांना लागते. एका घोड्याला वाळीत टाकलंत तर त्याची वाढेलच.

पट्टा अगदीच लागला तर तज्ज्ञाला विचारून, थोडा वेळ, आणि वैरण समोर असताना. मारणं, विजेची तार, दातांच्या फटीत पाचर, हे जुन्या पुस्तकातलं पुस्तकातच राहू द्या. शस्त्रक्रिया आहे, स्वीडनच्या फोर्सेलनं १९२६ साली सांगितलेली, पुढे सुधारलेली. गळ्याचे काही स्नायू कापतात. काहींना गुण येतो, काहींची खोड परतते. मुरलेली खोड पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. हिराची गेलेली नाही. चंदीनंतर पाच-दहा मिनिटं करतो, मग कडब्याकडे वळतो. रात्री शांत असतो. काकू आता माझ्या ढेकरांची चौकशी करत नाहीत.

घंटा वाजली, पेटीवाले आत आले. एकच. बाजारात घोडा घ्यायला गेलात तर गळ्यातलं सगळं काढायला लावा, मूठभर दाणा द्या, आणि अर्धा तास तिथंच चहा पीत उभे राहा. विकणाऱ्याला घाई असेल तर दुसरा चहा मागवा.

तो काळा पट्टा अजून आहे. बेंदराला शेजारी त्यांच्या बैलाला घालायला नेतात, चार भोकं सैल करून. घुंगरं चांगली आहेत.