23 किलोंत काय काय?

नमस्कार श्रोतेहो. जुलै उजाडला की बडोद्यातल्या कितीतरी घरांत दिवाणखान्याच्या मधोमध दोन मोठ्या बॅगा उघड्या पडलेल्या दिसतात. एका बाजूला डबे रचलेले, दुसऱ्या बाजूला कपड्यांचा ढीग, आणि काय राहू द्यायचं, काय काढायचं यावर घरादाराचं रोज भांडण. आज परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या त्या बॅगांबद्दल बोलू.

आधी तिकीट बघा. अमेरिका-कॅनडाच्या तिकिटावर बहुधा 23-23 किलोंच्या दोन बॅगा चालतात. युरोपच्या तिकिटावर पुष्कळदा एकच. काही विमान कंपन्या विद्यार्थ्यांना जादा बॅग देतात, पण ते तिकीट काढतानाच विचारावं लागतं. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण 158 सेंटिमीटरच्या आत हवी. आणि रिकामी बॅगच चार किलोंची असते, हे कोणी धरत नाही. म्हणजे तुमच्या हाती उरले 19. घरच्या काट्यावर 22 भरले की थांबा, कारण घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा क्वचितच जुळतात. हवा काढून टाकायच्या प्लास्टिक पिशव्या घेताय? त्यांनी फुगवटा जातो, वजन तेवढंच राहतं. उलट जागा झाली म्हणून माणूस आणखी भरतो.

आता हातातली बॅग. बहुतेक कंपन्या 7 किलो देतात, आणि तिथं कपडे कोंबू नका. जी वस्तू हरवली तर पुन्हा मिळणार नाही, ती या बॅगेत. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, प्रवेशपत्र, फी भरल्याच्या पावत्या, मूळ गुणपत्रिका. अमेरिकेला जाणाऱ्यांनी आय-20, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठानं दिलेला प्रवेशाचा दाखला, सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत टाकला, तर तिथल्या इमिग्रेशनच्या खिडकीशी दाखवायला हातात काहीच नसतं, कारण सामान मिळतं ते त्या खिडकीनंतर. विद्यापीठानं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, मोहोरबंद पाकिटात दिलं असेल तर पाकीट फोडू नका, फोडलं की त्याची किंमत गेली. आपल्या गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं. दोन्हींत स्पेलिंग तरी एकच आहे ना, हे महिनाभर आधी पाहा.

बडोद्याच्या श्रोत्यांना सांगायला हरकत नाही. गायकवाड सरकारची शिष्यवृत्ती घेऊन 1913 साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये परतताना त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं निघाली होती. पहिल्या महायुद्धाचे दिवस, ती बोट पाणबुडीनं बुडवली, पुस्तकं गेली. म्हणून मोलाचं ते आपल्यासोबतच.

पॉवर बँकही हातातच ठेवायची. लिथियम बॅटरी सामानकक्षात पेटली तर तिथं विझवायला कोणी नसतं, म्हणून खालच्या बॅगेत तिला बंदी आहे. मर्यादा 100 वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप. 20,000 एमएएचची बँक साधारण 74 वॉट-अवरची भरते, ती चालते. औषधं मूळ पट्टीतच ठेवा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक, म्हणजे मूळ घटकाचं नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव तिथल्या दुकानदाराला कळत नाही.

आता डब्यांकडे. खरी गडबड इथेच होते. युरोपात आणि इंग्लंडमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, आटवलेला खवा घरीच. ऑस्ट्रेलियात बी-बियाणं आणि दूध यांवर फार कडक नजर असते. खाण्याचं काहीही असलं तरी तिथं उतरताना भरायच्या कार्डावर 'हो'ला खूण करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो. अख्ख्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. तेल इतकं की विमानाच्या नियमांत त्या आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात मोडतात. आणि विमान दुबईत बदलत असेल तर खसखस अजिबात नको, तिथं ती गुन्ह्यात मोडते. गोडा मसाला घरी कुटत असाल तर या वेळेपुरती खसखस वगळा, चवीत फारसा फरक पडत नाही. मसाला घरगुती असला तरी साध्या पुडीत नको. बिनलेबलची तपकिरी पूड पाहून कोणीही चौकशी करेल. दुकानातून सीलबंद, इंग्रजी लेबलाची पाकिटं घ्या. लिलो चेवडो, म्हणजे आपला ओला चिवडा, मात्र ओलसर असतो, फार टिकत नाही. पहिल्या आठवड्यापुरताच द्या.

कुकर न्यायचा का? न्या, पण 3 लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात गॅस क्वचित असतो, आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. सोबत दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह, कारण रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही आणि तिथं गल्लीत दुरुस्तीचं दुकान नसतं. कुकरच्या पोटात मोजे भरा, जागा वाया जात नाही. मिक्सर अमेरिकेला नेऊ नका: आपली वीज 230 व्होल्ट, तिथली 120, तो धड फिरणारच नाही. चार्जरवर 100 ते 240 असं छापलेलं असेल तर काळजी नाही, फक्त पिनेचा ॲडॉप्टर लागेल. ब्रिटनचा वेगळा, ऑस्ट्रेलियाचा वेगळा.

कपड्यांत थोडक्यात: थर्मलचे दोन जोड इथून, जाड कोट तिथून. बडोद्यात मिळणारा कोट तिथल्या जानेवारीसाठी शिवलेलाच नसतो, आणि वर दोन किलो खातो.

अमदाबादला विमानतळावर सोडायला आलेल्यांनी लगेच गाडी वळवू नये. बॅगेत सगळ्यात वर एक रिकामी कापडी पिशवी ठेवा. काउंटरवर वजन जास्त निघालं तर जो डबा काढावा लागेल तो त्या पिशवीत घाला आणि दाराबाहेर थांबलेल्यांच्या हाती द्या. बोर्डिंग पास हातात पडल्याचा फोन आला की मग निघा.