साठ सेकंद

(दृश्य: पर्वतीच्या उतारावरच्या अरुंद पायऱ्या, वाहतं पाणी)

पुण्यातली जनता वसाहत. जुलैची रिपरिप. आशाताई छत्री मिटतात, दारात वाकतात आणि आधी विचारतात, "झोपलाय का गं?"

आठ महिन्यांचा गडी आईच्या मांडीवर आहे. दोन दिवस सर्दी, कालपासून खोकला. उशाशी ओव्याची पुरचुंडी. ताई औषधाचं नावही काढत नाहीत. झबलं अलगद वर करतात, मनगटावरचं घड्याळ त्याच्या पोटाशेजारी धरतात आणि गप्प होतात.

(दृश्य: पोटाचा क्लोज-अप, सेकंदकाटा. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज, निवेदन नाही)

"बावन्न."

दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त भरले की ते जलद, न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. दोन महिन्यांच्या आत हीच रेघ ६० वर, वर्ष ते पाच वर्षं ४० वर. मोजायचं पूर्ण मिनिट. अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालतच नाही. चार भराभर, मग थबकल्यासारखा. रडत असेल, अंगावर पीत असेल तर थांबायचं. कॅमेरा बघून यानं भोकाड पसरलं, तेव्हा ताईंबरोबर आम्हीही वीस मिनिटं थांबलो होतो.

ताई आता बरगड्यांच्या खाली बघतात. श्वास घेताना छाती आत ओढली जातेय का? नाही. दूध पितोय? पितोय.

हे मोजणं दवाखान्याबाहेर आणणाऱ्यांत महाराष्ट्रही होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. १९९० साली आकडे प्रसिद्ध झाले: त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्यावर होते.

(दृश्य: प्रयोगशाळा, गुलाबी द्रवाच्या नळ्या)

नाकातला स्वॅब या फिकट गुलाबी पाण्यात बुडतो आणि बर्फाच्या डब्यातून निघतो. विषाणू ओळखणारी राष्ट्रीय संस्था पुण्यातच आहे, १९५२ पासून. फ्लू की आरएसव्ही, म्हणजे लहानग्यांच्या छातीत उतरणारा दुसरा विषाणू, हे नळी सांगते. पुण्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात चढतो, हेही अशाच नळ्यांनी सांगितलं. पण नळीत येतं ते दवाखान्यापर्यंत पोचलेलं मूल. न पोचलेलं कोण मोजणार?

(दृश्य: शिरूर तालुका, वढू. घराच्या दारावर खडूनं लिहिलेला क्रमांक)

वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून घरोघरी जाऊन माणसं मोजतंय: कोण जन्मलं, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं. शंभर मुलं आजारी पडली म्हणजे कितींतली शंभर? अपूर्णांकातला हा खालचा आकडा, एकूण मुलं किती, असा पायी फिरूनच मिळतो. दवाखान्याच्या वहीत तो सापडत नाही.

(दृश्य: लसीकरणाचा दिवस, रांग)

न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूवरची लस २०२१ पासून देशभर मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. देशातल्या बालमृत्यूंच्या मोठ्या कारणांत न्यूमोनिया अजूनही आहे.

(दृश्य: पुन्हा पायऱ्या, पाऊस उघडलाय)

बाळाला टॉवेलात गुंडाळून आई महापालिकेच्या दवाखान्याकडे उतरते. ताईंनी चिठ्ठीवर एकच शब्द आणि एकच आकडा लिहिलाय: खोकला, ५२. मागून शेजारीण हाक मारते, "ताई, आमच्या पोरीचंही बघता का?"

छत्री पुन्हा मिटते.