बेत, बेतणं आणि हंगाम

नमस्कार. टेबलावर दोन कोट ठेवलेत ते आधी दाखवते, कारण मागच्या रांगेत मगापासून कुजबुज चाललीय. एक पुरुषाचा, एक बाईचा. दोन्हींचं कापड एकाच ताग्यातलं. हा पुरुषाचा. बाहेर तीन खिसे, आत दोन, आणि आतल्या एका खिशाच्या पोटात आणखी एक चिमुकला. आता हा बाईचा. लांबून दोन खिसे दिसतात ना? झडप उचलते. खाली काही नाही. सरळ टीप मारलीय. खिसा नाही हा, खिशाचं चित्र आहे.

मी मुळात बेतणारी. व्याख्यानं वगैरे फार नंतर आली. मराठीत चांगला शिंपी कापड नुसतं कापत नाही, बेततो. कापडावर खडूने आखतात ते बेतणं आणि मनात आखतात तो बेत. शब्द एकाच घरातले. पण बाईच्या बेतांचा विषय निघाला की आपण भारदस्त शब्द काढतो : महत्त्वाकांक्षी. पुरुषाच्या बाबतीत तो प्रशस्तिपत्रकासारखा येतो. बाईच्या बाबतीत आवाज जरा उतरतो आणि शेवटाला एक ‘हो’ चिकटतो. ‘ती फार महत्त्वाकांक्षी आहे हो.’ त्या ‘हो’वर तासभर बोलता येईल, पण मला विषय कपड्यांचा दिलाय.

तर कपडे. त्यातही हंगामी कपडे, म्हणजे या वर्षी काय ‘चालू’ आणि काय ‘गेलं’. हंगाम हा शब्द शेतीचा, पण फॅशनचा हंगाम पाऊसपाण्याने आणलेला नाही, तो व्यापाराने आणलाय. चौदाव्या लुईच्या काळात, १६७२ मध्ये, फ्रान्समध्ये ‘मर्क्यूर गालां’ नावाचं नियतकालिक सुरू झालं आणि राजधानीबाहेरच्या लोकांना घरबसल्या कळायला लागलं की सध्या दरबारात काय घालतात. पुढे अठराव्या शतकात फ्रान्समधल्याच लियों शहराचे रेशीमवाले दर वर्षी विणीची नक्षी बदलायला लागले. हौस म्हणून नव्हे. परदेशातले विणकर त्यांची नक्षी चोरत. मग तोड अशी काढली, की चोराने नक्कल करून माल बाजारात आणेपर्यंत ती नक्षीच जुनी झालेली असावी. आज आपण ज्याला ट्रेंड म्हणतो त्याच्या मुळाशी ही अशी कारखानदाराची युक्ती आहे.

आजचं कॅलेंडर बघा. वसंत-उन्हाळ्याचे कपडे दाखवतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि हिवाळ्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. सहा महिने आधी, कारण दुकानदारांनी मागणी नोंदवायची, गिरणीने कापड द्यायचं, कपडे शिवायचे, जहाजात भरायचे. अधेमधे ‘क्रूझ’ किंवा ‘रिसॉर्ट’ नावाचा एक पोटहंगाम असतो. ऐन थंडीत उबदार समुद्रावर जाणाऱ्या श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी तो काढला होता. गंमत अशी, की या कॅलेंडरात पावसाळाच नाही. विषुववृत्ताच्या खाली तर सगळा मामला उलटा. तिथे जानेवारीत घाम पुसत लोक हिवाळी कोटांचे फोटो बघतात.

या धंद्यात बायका कधी शिरल्या? पॅरिसमध्ये शिंप्यांचा संघ पुरुषांचा होता. बायका शिवत होत्याच, पण चोरून, दंड भरत. १६७५ मध्ये त्यांना स्वतःचा संघ मिळाला आणि बायकांचे कपडे उघडपणे शिवायची परवानगीही मिळाली. पण आत हाडं घालून ताठ केलेली चोळी बेतायचा हक्क पुरुष शिंप्यांनी स्वतःकडेच ठेवला. म्हणजे मऊ काम तुमचं, सांगाडा आमचा. खांद्याचा आणि छातीचा आकार कोण ठरवणार यावरून कायद्याने भांडण सोडवलेलं आहे, हे मी आमच्या मुलींना बेतायला शिकवते तेव्हा पहिल्याच तासाला सांगते.

त्यानंतर शंभर वर्षांनी रोझ बेर्तां आली. पॅरिसबाहेरून आलेली, मोठ्या घराण्याची नव्हे. तिने पॅरिसमध्ये दुकान थाटलं आणि फ्रान्सची राणी मारी आन्त्वानेत हिची पोशाखवाली झाली. दरबारातले लोक तिला कुचेष्टेने ‘फॅशनमंत्री’ म्हणत. मंत्रीपद खरं असतं तर कुणी हसलं नसतं. नव्या पोशाखात सजवलेल्या बाहुल्या ती परदेशी धाडायची. आजच्या भाषेत तोच तिचा कॅटलॉग. पुढे क्रांती झाली, राणीचं मस्तक गेलं, आणि बेर्तांच्या वह्यांत मोठमोठ्या घरांची थकबाकी तशीच राहिली. तिच्या वारसांनाही त्या उधाऱ्यांच्या मागे लागावं लागलं. राणीच्या केसांतली पिसं सगळ्यांना माहीत आहेत. ती पिसं कुणी खोवली, त्याचे पैसे कुणी बुडवले, हे किती जणांना माहीत असतं?

माझं आजचं सगळं बोलणं या एका जागेवर उभं आहे. हंगामाचं चाक फिरवण्यात महत्त्वाकांक्षी बायकांचा हात पहिल्यापासून आहे आणि झोत मात्र पडतो अंगात घालणारीवर. मग घालणारीचाही एक हंगाम ठरतो. ती ‘चालू’ असते, नंतर ‘गेलेली’ असते.

मला स्वतःला मादलेन व्हिओने फार जवळची वाटते. शाळा अर्धवट सोडून कोवळ्या वयात शिवणकामाला लागली. १९१२ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचं कपड्यांचं घराणं, म्हणजे फॅशन हाऊस, काढलं. ती कागदावर चित्र काढत नसे. तिच्याकडे लाकडाची छोटी बाहुली होती, तिच्यावर ती कापड गुंडाळून बघायची. आणि तिने उरेब बेताला जे वळण दिलं त्याला तोड नाही. ज्यांनी कधी शिवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हा रुमाल घ्या. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा. ताणत नाही. आडवा ओढा, फारसा ताणत नाही. आता कोपरे धरून तिरका ओढा. बघा, कसा लवतो! तेच कापड, तेच धागे, फक्त दिशा पंचेचाळीस अंशांनी बदलली. याला आपण उरेब म्हणतो. पूर्वी उरेब पट्टी गळ्याला, बाहीला लावायची. व्हिओनेने अख्खा पोशाख उरेब बेतला आणि आतल्या सांगाड्याची गरजच संपवली. १६७५ चं ते भांडण तिने कात्रीनेच मिटवलं म्हणा ना.

तिच्या नकला इतक्या व्हायच्या, की ती कपड्यावरच्या चिठ्ठीवर सहीबरोबर अंगठ्याचा ठसा उमटवायची. कामगारांना पगारी रजा, जेवणघर, दवाखाना अशी तिची शिस्त होती. १९३९ मध्ये युद्ध लागलं, तिने घराणं बंद केलं. त्यानंतर ती छत्तीस वर्षं जगली. ९८ व्या वर्षी गेली. बेतणाऱ्यांच्या जगाबाहेर तिचं नाव आज क्वचित निघतं.

तिच्याच काळातली कोको शनेल सगळ्यांना ठाऊक आहे, कारण शनेलने स्वतःलाच चेहरा केलं. केस कापले, स्वतःचेच कपडे घालून मिरवली, स्वतःच जाहिरात झाली. अनाथालयात वाढलेल्या मुलीने हे केलं याचं कौतुक मलाही आहे. पण व्याख्यानांतून तिची गोष्ट अर्धीच सांगतात. जर्मनांनी पॅरिस घेतलं तेव्हा तिच्या अत्तराच्या कंपनीत मोठा वाटा ज्यू भागीदारांचा होता आणि ज्यूंच्या मालमत्तेविरुद्धच्या कायद्यांचा आधार घेऊन तिने ती कंपनी बळकावायचा प्रयत्न केला. तो फसला. एका जर्मन अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते. महत्त्वाकांक्षा बाईची आहे म्हणून ती आपोआप गोड होत नाही. पुरुषांच्या हावरटपणाला आपण हावरटपणा म्हणतो, तर हिच्यालाही म्हणावं. तेवढी समानता पचायला हवी. आणि त्याच बाईने १९५४ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, बंद केलेलं दुकान पुन्हा उघडलं. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी तिला उचलून धरलं. हेही खरंच आहे.

आता झगमगाटाकडे येते, मुलींना तेच ऐकायचं असतं. लाल गालिच्यावरची नटी. तिच्या अंगावरचा पोशाख पुष्कळदा तिचा नसतो. एका रात्रीपुरता मागून आणलेला असतो. आतून टाके भरून तो तिच्या अंगाला चापूनचोपून बसवतात, दागिन्यांबरोबर रखवालदार येतो, आणि सगळं पुन्हा पेटीत घालून परत जातं. उरतो तो फोटो. २३ फेब्रुवारी २००० ला ग्रॅमी पुरस्कारांच्या रात्री गायिका-नटी जेनिफर लोपेझ व्हर्साचे या इटालियन फॅशन घराण्याचा हिरवा पोशाख घालून आली. नाभीपर्यंत उघडा गळा. तो बघायला लोक गूगलवर तुटून पडले, आणि गूगलला उमगलं की लोकांना मजकूर नको आहे, चित्र हवं आहे. २००१ मध्ये त्यांनी चित्रांचा शोध सुरू केला. त्यामागे या पोशाखाचा धक्का होता, हे कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखाने पुढे लिहूनच ठेवलंय. गळ्याची चर्चा चवीने झाली. पण तो पोशाख करणारी दोनातेल्ला व्हर्साचे तेव्हा काय करत होती? भावाचा खून होऊन तीन वर्षंही झाली नव्हती आणि त्याच्या मागे सगळा डोलारा तिने अंगावर घेतला होता. २०१९ मध्ये मिलानमध्ये त्याच पोशाखाची नवी आवृत्ती घालून लोपेझ पुन्हा चालली, वयाच्या पन्नाशीत. सहा महिन्यांचा म्हणून निघालेला कपडा वीस वर्षं टिकला. बातमी मात्र ‘या वयातही कशी दिसते’ हीच होती.

पुरुषाला हा प्रश्न लागू नाही, हे एका पुरुषानेच सिद्ध करून दाखवलंय. ऑस्ट्रेलियातला टीव्हीवरचा निवेदक कार्ल स्टेफानोव्हिक. त्याच्या शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंना रोज कपड्यांवरून पत्रं यायची. म्हणून हा एकच निळा सूट वर्षभर घालून कार्यक्रमाला येत राहिला. २०१४ मध्ये त्याने स्वतः सांगेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मला ही गोष्ट इतकी आवडते, की मी ती लग्नांच्या पंगतीतसुद्धा सांगते.

यातून वाट काढायचा जुना मार्ग म्हणजे पुरुषाचा कपडा घालणं. पॅरिसमध्ये १८०० साली निघालेल्या हुकुमानुसार बाईला विजार घालायची तर पोलिसांची परवानगी लागायची. पुढे सवलत मिळाली, पण कशी? हातात सायकलची मूठ किंवा घोड्याचा लगाम असेल तर. तो हुकूम रद्दबातल असल्याचं सरकारने सांगितलं २०१३ मध्ये! अमेरिकेत १८५१ च्या सुमारास मताधिकारवाल्या बायकांनी आखूड झग्याखाली सैल तुमान घातली. त्यांच्यातली एलिझाबेथ केडी स्टँटन दोनेक वर्षांनी पुन्हा लांब झग्याकडे वळली, कारण लोक भाषण ऐकायचे सोडून तिचे पाय बघायचे. मताचा हक्क आधी, पाय नंतर, असा तिचा हिशेब.

१९८० च्या दशकात खांद्यात जाड पॅड आले. कचेरीत वर चढणाऱ्या बाईला खांदे हवेत म्हणे. मी त्या काळात इतके पॅड बसवलेत, की उशा शिवल्यासारखं वाटायचं. पुढच्या दशकात तेच पॅड मी उसवून काढले. बाईचा पगार तेवढ्यात किती वाढला ते विचारू नका. २०१४ च्या आसपास महत्त्वाकांक्षी बाईसाठी ‘गर्लबॉस’ हा शब्द मिरवत होता, आणि २०२० पर्यंत तो थट्टेचा झाला. मधल्या काळात त्याच बायका त्याच खुर्च्यांवर त्याच कामाला बसलेल्या होत्या. बाईची महत्त्वाकांक्षासुद्धा बाजार एका हंगामाचा माल म्हणून विकतो आणि पुढच्या हंगामात सेलमध्ये काढतो. आता तर सहा महिनेही लागत नाहीत. फोनवर एखादा ‘लुक’ सोमवारी येतो आणि पुढच्या आठवड्यात त्याची टिंगल सुरू होते.

शेवटी जिच्याबद्दल बोलायला मी खरं तर आले होते, ती एलिनॉर लँबर्ट. ती शिवत नव्हती, बेतत नव्हती, गालिच्यावरही नव्हती. ती प्रसिद्धीचं काम करायची. १९४३ मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं, तिथल्या बातम्या येत नव्हत्या. तिने न्यूयॉर्कमध्ये ‘प्रेस वीक’ भरवला, पत्रकारांना बोलावून अमेरिकी कपडे दाखवले. आजच्या फॅशन वीकची ती सुरुवात. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन, म्हणजे ‘मेट’, कलासंग्रहालयाच्या पोशाख विभागासाठी निधी जमवायला तिने मेजवानी भरवली. आज मेच्या पहिल्या सोमवारी ज्या मेट गालाचे फोटो तुमच्या फोनवर येऊन आदळतात, तो तोच. १९७३ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात फ्रेंच आणि अमेरिकी डिझायनरांना समोरासमोर उभं केलं, तेही तिनेच. झगमगाटाचं सगळं यंत्र जिने जुळवलं तिचा फोटो तुमच्यापैकी कुणी पाहिलाय? हात वर करा. एक. दोन. बरं.

ती शंभर वर्षं जगली आणि जवळजवळ शेवटपर्यंत काम करत राहिली. वर्षाला दोन धरले तर साठ वर्षांत एकशेवीस हंगाम. सप्टेंबर २००३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या फॅशन वीकला आली होती. ऑक्टोबरात गेली. त्या सप्टेंबरात समोरून चालत जाणारे कपडे पुढच्या वसंताचे होते.