धुरावरून ओळखलेलं गाव

[पहिले दहा सेकंद फक्त वारा. निवेदन नाही.]

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा वायव्य भाग, ग्रॅहम काउंटी. चोवीस नंबरचा हायवे इथून सरळसोट जातो. दुतर्फा गहू, नाहीतर कापणी झालेल्या गव्हाची धसकटं. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी वसवलेलं निकोडेमस हे गाव कधी आलं आणि कधी गेलं ते कळतच नाही. आम्हीही पहिल्या दिवशी पुढे निघून गेलो होतो. आत्ता दिसतोय तो त्याच वेळचा शॉट.

विलियाना हिकमन यांनाही हे गाव दिसलं नव्हतं. साल १८७८. केंटकीहून निघालेला त्यांचा जथा रेल्वेनं एलिस स्टेशनापर्यंत आला. तिथे गोवर पसरला, काही मुलं दगावली. उरलेल्यांनी सामान गाड्यांवर लादलं आणि होकायंत्र बघत, हरणांच्या आणि बायसनच्या पायवाटांनी ते चालू लागले. शेवटी पुरुषमंडळी ओरडली, ते बघा निकोडेमस! विलियानाबाईंनी चारी दिशांना पाहिलं. "कुठंय? मला तर दिसत नाही." त्यांचे यजमान, रेव्हरंड डॅनियल हिकमन, यांनी बोट दाखवलं. जमिनीतून ठिकठिकाणी धूर वर येत होता. "ते निकोडेमस." बाईंना रडू कोसळलं. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवलंय.

धूर जमिनीतून येत होता, कारण माणसं जमिनीत राहत होती.

[उतारावरचा खळगा, जवळून. कॅमेरा सावकाश.]

या प्रदेशात डगआउट, म्हणजे जमिनीत खणलेलं घर, कसं बांधत, ते बघा. आधी टेकाडाचा असा उतार शोधायचा. त्यात आडवं खणत जायचं, म्हणजे तीन भिंती आयत्याच मिळतात. समोरची चौथी भिंत दगडाची, नाहीतर मातीच्या तुकड्यांची. ही माती साधी नव्हे. शतकानुशतकांच्या गवताच्या मुळांनी ती आतून विणलेली असते, विटेसारखी कापून रचता येते. छपराला लाकूड हवं, आणि झाडं फक्त सॉलोमन नदीच्या काठाला. तिथून फांद्या आणायच्या, त्यांवर काटक्या, त्यांवर गवत, त्यांवर पुन्हा माती. चुलीचा धूर जायला एक भोक. पाऊस आला की छप्पर गळणार, आणि थांबल्यावरही गळतच राहणार. सरपणाला वाळलेलं शेण.

हे खणायला हातात होतं काय, तर कुदळी आणि फावडी. घोडे बोटांवर मोजण्याइतके.

आता जरा मागे जाऊ. हा कागद पाहा. १८७७ सालची जाहिरात, अमेरिकेतल्या काळ्या नागरिकांना उद्देशून छापलेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ, काळे. खजिनदारी आणि जमिनीचे व्यवहार बघणारे डब्ल्यू. आर. हिल, गोरे. रेव्हरंड सायमन राउंडट्री हे पहिल्या रहिवाशांपैकी. होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायची. आपल्या कोरडवाहू सीलिंगच्या जवळजवळ तिप्पट! अट एवढीच, पाच वर्षं राहायचं आणि जमीन कसायची. गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाला हा आकडा कसा ऐकू आला असेल?

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांची सुटका केल्याबद्दल. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या संरक्षणातून केंद्राच्या फौजांनी अंग काढून घेतलं, आणि सुटका झालेली माणसं दक्षिण सोडायला लागली. पुण्यात ही बातमी कितपत पोचली असेल, कोण जाणे.

त्या सप्टेंबरात केंटकीहून सुमारे तीनशे जण आले. एलिसपासून पंचावन्न-एक किलोमीटर, बरेचसे पायी. येऊन पाहतात तो जाहिरातीतलं गाव नाहीच! काही जण हिलला फासावर द्यायच्या गोष्टी करू लागले. कितीतरी कुटुंबं आल्या पावली परत फिरली. जी राहिली, त्यांच्यात ऑक्टोबरात पहिलं बाळ जन्मलं, हेन्री विल्यम्स. पहिला हिवाळा कसा काढला, याची आठवण गावानं तोंडी जपली आहे: शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्यातलं मांस दिलं.

जाता जाता, आजच्या काउंटीच्या मुख्य गावाचं नाव हिल सिटी. त्याच हिलचं नाव.

[हॉटेलची भिंत, दुपारचं ऊन.]

आणि हे उभं राहिलेलं निकोडेमस. झॅकरी फ्लेचर यांचं सेंट फ्रान्सिस हॉटेल, साधारण १८८० चं. फ्लेचर गावाचे पहिले पोस्टमास्तर, त्यांच्या पत्नी जेनी पहिल्या मास्तरीणबाई. हा दगड इथलाच, चुनखडीचा. छिन्नीच्या खुणा मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. खणायला नीट अवजार नसलेल्या माणसांनी दोन-तीन वर्षांत दगडी भिंत उभी केली! मला विचाराल तर या गावाचा खरा दस्तऐवज हाच. बाकी सगळे कागद येत गेले आणि फसवून गेले.

१८८५ चं हे मेथडिस्ट चर्च. १८८६ मध्ये 'वेस्टर्न सायक्लोन' हे वर्तमानपत्र निघालं, पुढच्या वर्षी दुसरं, 'निकोडेमस एंटरप्राइझ'. एवढ्याशा वस्तीत दोन वर्तमानपत्रं! गावात काही वर्षं काढलेले एडवर्ड मकेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. राज्यव्यापी पदावर निवडून आलेले कॅन्ससमधले ते पहिले काळे गृहस्थ.

मग रेल्वे. इथे थोडं थांबावं लागेल, कारण गावाचं नशीब इथेच फिरलं. रूळ जिथून जातील तिथे धान्याची बाजारपेठ, आणि रूळ नसलेल्या गावाला गहू बैलगाडीनं वाहावा लागणार, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून १८८७ मध्ये लोकांनी मतदान करून मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. कालपरवापर्यंत भुयारात राहिलेल्यांनी! ती गाडी आली नाही. १८८८ मध्ये दुसऱ्याच कंपनीनं, युनियन पॅसिफिकनं, रूळ टाकले, ते नदीच्या पलीकडून. सहा मैलांवर, मजुरांच्या तळाच्या जागी, बोग नावाचं गाव उभं राहिलं. निकोडेमसचे दुकानदार एकेक करून तिकडे गेले. वर्तमानपत्रं मिटली. फाटा दुसरीकडे वळला की गावाचं काय होतं, हे एस.टी.च्या प्रवाशांना सांगायला नको.

[सॉलोमन नदीचं पात्र. पलीकडचा काठ.]

शेती मात्र राहिली, शेतकरीही. १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी आणखी घरं रिकामी केली. १९५३ मध्ये पोस्ट बंद, १९६० मध्ये शाळा बंद. कृषी खात्याच्या कर्जवाटपात काळ्या शेतकऱ्यांशी झालेल्या भेदभावाविरुद्धच्या खटल्यात १९९९ मध्ये तडजोड झाली, तोवर बरीच जमीन हातची गेली होती.

१९३९ मध्ये, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलेला हा टाउनशिप हॉल. पुन्हा चुनखडीच. १९९६ पासून निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. पाच इमारती त्यात मोडतात. गावात आता राहणारी माणसं एका एस.टी.त मावतील, आणि तरी बाकं रिकामी राहतील.

जुलैचा शेवटचा आठवडा याला अपवाद. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मुक्तीचा दिवस, १ ऑगस्ट, इथे साजरा व्हायचा, त्याचीच ही आजची होमकमिंग. मुलं, नातवंडं, पतवंडं लांबून गाड्या हाकत येतात.

[मिरवणूक. बँडचा आवाज पूर्ण. इथे एक शब्दही नको.]

सोमवारी सकाळी आम्ही हॉलमध्ये गेलो, तेव्हा दोघं जण घडीच्या खुर्च्या भिंतीला लावत होते. किती खुर्च्या, असं विचारल्यावर त्यातला थोरला म्हणाला, आणखी आणाव्या लागल्या, बोगहून मागवल्या. आता त्या परत पोचवायच्या आहेत.